लिथियमनंतरचे विद्युत् घट : सोडियमच्या मागे पडण्याचा व परतण्याचा इतिहास (जुन्नर-आंबेगाव परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील गावांच्या आर्थिक इतिहासात मिठाला महत्त्वाचे स्थान आहे. कोकण किनाऱ्यावरील मिठागरांत पिकलेले मीठ बैलांच्या तांड्यांवरून घाटवाटांनी देशावर येत असे आणि परतीच्या वाटेने धान्य खाली उतरत असे. जुन्नर तालुक्यातील नाणेघाट हा सातवाहनकाळापासूनचा असाच एक प्रमुख व्यापारी मार्ग होय. घाटाच्या माथ्यावर असलेला दगडी रांजण जकात गोळा करण्यासाठी होता, अशी परंपरा आजही सांगितली जाते. मीठ हा राज्यकर्त्यांच्या धोरणाचाही विषय होता. १६७१ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पाठविलेल्या पत्रात पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशाच्या स्वस्त मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा केली. परमुलखातील स्वस्त मिठामुळे संगमेश्वराकडील मिठाचा उठाव होणार नाही आणि स्वराज्याचे उत्पन्न बुडेल, ही त्यामागील चिंता होती.

मिठाचा हा उल्लेख येथे हेतुपूर्वक केला आहे. मिठातील सोडियम हे मूलद्रव्य आज वेगळ्याच कारणाने जगभरच्या प्रयोगशाळांत चर्चेचा विषय झाले आहे. भ्रमणध्वनी, संगणक व विद्युत वाहने यांत वापरल्या जाणाऱ्या लिथियम-आयन घटांना पर्याय म्हणून सोडियम-आयन घटांकडे पाहिले जाते. १३ डिसेंबर २०२३ रोजी पुण्यातील केपीआयटी टेक्नॉलॉजीज या कंपनीने भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था (आयसर), पुणे यांच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केले. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून या घटांचे वर्णन 'नवे तंत्रज्ञान' असे करण्यात आले. वस्तुतः लिथियम व सोडियम यांच्या संशोधनाची सुरुवात जवळजवळ एकाच काळात झाली होती. त्यांपैकी एक पुढे गेले आणि दुसरे सुमारे वीस वर्षे मागे राहिले. असे का घडले, हा प्रश्न रसायनशास्त्राइतकाच इतिहासाचाही आहे.

आपल्या ग्रामीण भागात 'बॅटरी' हा शब्द आजही प्रथमतः हातातल्या विजेरीसाठी वापरला जातो. रात्रीच्या वीजपुरवठ्याच्या पाळीला पिकाला पाणी देण्यासाठी निघालेल्या शेतकऱ्याच्या हातात ती असते. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत तर तिचा संबंध बिबट्याच्या भीतीशी आहे. म्हणून वीज साठविण्याच्या द्रव्याचा हा इतिहास या परिसराला दूरचा नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. संचायक, म्हणजे पुन्हा पुन्हा भारित करता येणाऱ्या विद्युत् घटांतील द्रव्यांच्या निवडीचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२. १९८० नंतर सोडियम मागे का पडले आणि २००० नंतर पुन्हा पुढे का आले, याची कारणमीमांसा करणे.
३. पुणे येथील संशोधनाचे या इतिहासातील स्थान स्पष्ट करणे.
४. जुन्नर-आंबेगाव परिसराच्या गरजांच्या संदर्भात या तंत्रज्ञानाच्या उपयुक्ततेचा व मर्यादांचा विचार करणे.

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. तांत्रिक तपशील विषय समजण्यापुरताच दिला आहे.

विद्युत् घटाचा पूर्वेतिहास

इटालियन शास्त्रज्ञ अलेस्सांद्रो व्होल्टा याने १८०० मध्ये पहिला विद्युत् घट जगापुढे मांडला. जस्त आणि चांदी किंवा तांबे यांच्या चकत्या एकावर एक रचून त्यांच्यामध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेले कापड वा पुठ्ठा ठेवलेला असे. म्हणजे मीठ या इतिहासात पहिल्या दिवसापासून आहे. मात्र तेथे त्याचे काम वीज वाहू देण्याचे होते, साठविण्याचे नव्हते.

विजेचा साठा करून तो पुन्हा पुन्हा वापरण्याची सोय फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तोन प्लांते याने १८५९ मध्ये शिसे व गंधकाम्ल यांच्या घटाने केली. १८६६ मध्ये लेक्लांशे याने जस्त, मँगॅनीज डायऑक्साइड आणि नवसागर यांचा घट बनविला. विजेरीत व रेडिओत वापरला जाणारा कोरडा घट हा त्याचाच वारस होय. १८९९ मध्ये स्वीडनच्या युंगनर याने निकेल-कॅडमियम घट आणि १९०१ च्या सुमारास एडिसनने निकेल-लोखंड घट तयार केला.

या मालिकेत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रत्येक द्रव्य एखाद्या विशिष्ट कामासाठी रुजले. शिसे जड असते, पण स्वस्त असते आणि क्षणार्धात मोठा प्रवाह देऊ शकते. म्हणून मोटारीचे इंजिन सुरू करण्याचे काम त्याच्याकडे गेले ते आजतागायत त्याच्याकडेच आहे. भारतातील तारायंत्राचा अनुभवही असाच आहे. १८५१ मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर या मार्गावर देशातील पहिली तार सुरू झाली. पुढे तारखात्यात मिनोत्तो घटाचा वापर मोठ्या प्रमाणावर झाला. या घटात सच्छिद्र मातीच्या भांड्याऐवजी वाळू किंवा लाकडाचा भुसा वापरीत. जे सहज मिळते आणि जे दूरवरच्या तारघरात दुरुस्त करता येते, ते द्रव्य तेथे टिकले. 'सर्वोत्तम घट कोणता?' या प्रश्नाला 'कोणत्या कामासाठी?' हे विचारल्यावाचून उत्तर देता येत नाही, असे हा इतिहास सांगतो.

लिथियम व सोडियम : समांतर प्रवास (१९६७ ते १९९१)

आवर्त सारणीत लिथियम व सोडियम ही एकाच गटातील मूलद्रव्ये आहेत. सोडियम हे हम्फ्री डेव्ही याने १८०७ मध्ये वेगळे केले, तर लिथियमचा शोध १८१७ मध्ये आर्फव्हेडसन याने लावला. दोन्ही धातू एक इलेक्ट्रॉन सहज सोडून देतात. तथापि लिथियमचा अणुभार सुमारे ७ तर सोडियमचा सुमारे २३ आहे. सोडियमचा आयन आकारानेही मोठा आहे. उलटपक्षी, पृथ्वीच्या कवचात सोडियम सुमारे अडीच टक्के आहे, तर लिथियम दर दहा लाख भागांत अवघे २० भाग आहे. समुद्र तर सोडियमचे अक्षय भांडारच होय.

आधुनिक संचायक घटांच्या शर्यतीत प्रारंभी सोडियमच पुढे होते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील फोर्ड मोटार कंपनीच्या प्रयोगशाळेत सोडियम-गंधक घटावर काम झाले. त्यात बीटा-ॲल्युमिना नावाचे मृत्तिकाद्रव्य सोडियम आयनांना वाट करून देई. हा घट सुमारे ३०० ते ३५० अंश सेल्सिअस तापमानालाच चालत असे. एवढ्या उष्णतेत वितळलेला सोडियम व गंधक सांभाळणे वाहनात सोयीचे नव्हते. जपानमध्ये २००२ पासून या घटांचे व्यापारी उत्पादन झाले, परंतु ते वीजकेंद्रांच्या साठवणीसाठी.

सर्वसाधारण तापमानाला चालणारा घट हे पुढचे पाऊल होते. १९७६ मध्ये स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइडच्या थरांमध्ये लिथियम आयन ये-जा करू शकतात, हे दाखवून दिले. १९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ यांच्या गटाने लिथियम कोबाल्ट ऑक्साइड हे धनाग्राचे द्रव्य शोधले. विशेष असे की याच सुमारास, १९८०-८१ मध्ये, फ्रान्समधील बोर्दो येथे क्लोद देल्मास व त्यांचे सहकारी सोडियम कोबाल्ट ऑक्साइडच्या तशाच थरांचा अभ्यास करीत होते. सोडियम आयनही अशा थरांत शिरतात व बाहेर पडतात, हे त्यांनी सिद्ध केले. म्हणजे धनाग्राच्या बाबतीत दोन्ही द्रव्ये जवळजवळ बरोबरीने चालली होती.

वाटा फुटल्या त्या ऋणाग्रापाशी. लिथियम आयन ग्रॅफाइटच्या थरांत सहज सामावतो. सोडियम आयन मात्र नेहमीच्या परिस्थितीत ग्रॅफाइटमध्ये पुरेशा प्रमाणात सामावत नाही. अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये कार्बनी ऋणाग्र वापरून लिथियम-आयन घटाचे व्यवहार्य रूप सिद्ध केले. १९९१ मध्ये सोनी कंपनीने तो बाजारात आणला आणि पुढे ग्रॅफाइट हे ऋणाग्राचे प्रमाण द्रव्य ठरले. सोडियमला असा जोडीदार मिळाला नाही.

दुसरे कारण बाजारपेठेचे होते. १९९१ मध्ये हा घट हवा होता तो हातात धरण्याच्या व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी. अशा उपकरणात प्रत्येक ग्रॅम महत्त्वाचा असतो व किंमत दुय्यम ठरते. हलकेपणा ही कसोटी ठरल्यावर ७ आणि २३ यांच्या स्पर्धेत निकाल उघड होता. लिथियम संशोधनाकडे निधी, विद्यार्थी व कारखाने वळले आणि सोडियमचे काम काही मोजक्या प्रयोगशाळांपुरते उरले. २०१९ मध्ये गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या यशाच्या प्रकाशात समांतर चाललेली दुसरी वाट बहुतेकांच्या नजरेआड राहिली.

साखरेच्या कोळशातून पुनरागमन (२००० ते २०२५)

सोडियमला ऋणाग्राचा जोडीदार मिळाला तो २००० मध्ये. कॅनडातील डलहौसी विद्यापीठात स्टीव्हन्स व डान यांनी ग्लुकोज उच्च तापमानाला जाळून, म्हणजे हवेविना तापवून, मिळणाऱ्या कठीण कार्बनात सोडियम आयन मोठ्या प्रमाणात साठतात, असे दाखविले. ग्रॅफाइटचे थर एकावर एक नीट रचलेले असतात. कठीण कार्बनात ते विस्कळीत असतात व त्यांच्यामध्ये सूक्ष्म पोकळ्या असतात. या अव्यवस्थेतच मोठ्या आकाराच्या सोडियम आयनाला जागा मिळते. त्यांना मिळालेली धारणक्षमता दर ग्रॅमला सुमारे ३०० मिलिअँपियर-तास होती. लिथियमसाठी ग्रॅफाइटची सैद्धांतिक मर्यादा ३७२ आहे, हे लक्षात घेतल्यास या निष्पत्तीचे महत्त्व ध्यानात येईल.

धनाग्रासाठी आज मुख्यतः तीन कुळांतील द्रव्यांवर काम चालते. पहिले कूळ लोह, मँगॅनीज, निकेल यांच्या थरयुक्त ऑक्साइडांचे. यांची क्षमता चांगली असते, पण हवेतील ओलाव्याने ती बिघडतात. दुसरे कूळ फॉस्फेट संयुगांचे. ती दीर्घकाळ टिकतात, परंतु त्यांतील अनेकांत व्हॅनेडियम लागते व ते महाग आहे. तिसरे कूळ प्रशियन ब्लू या जुन्या निळ्या रंगद्रव्याशी नाते सांगणाऱ्या संयुगांचे. ती स्वस्त असतात, मात्र त्यांच्या स्फटिकात अडकलेले पाणी काढून टाकणे कठीण जाते. सोडियमचा आणखी एक लाभ आहे. लिथियम हे ॲल्युमिनियमशी संयोग पावत असल्याने लिथियम घटाच्या ऋणाग्रासाठी तांब्याचा पत्रा लागतो. सोडियमच्या घटात दोन्हीकडे ॲल्युमिनियम चालते.

संशोधन पुन्हा वेगाने सुरू होण्यामागे शास्त्रीय कारणांइतकीच आर्थिक कारणे होती. चीनमध्ये लिथियम कार्बोनेटचा भाव नोव्हेंबर २०२२ मध्ये टनामागे सहा लाख युआनच्या जवळपास पोहोचला होता. शिवाय सौर व पवन ऊर्जेमुळे वीज साठविण्याची नवी गरज निर्माण झाली. जमिनीवर एका जागी ठेवायच्या घटात वजनाचे महत्त्व कमी होते आणि किंमत, आयुष्य व सुरक्षितता या कसोट्या पुढे येतात. कसोटी बदलताच सोडियमचे मोल बदलले. २०११ मध्ये इंग्लंडमध्ये फॅरेडियन ही कंपनी स्थापन झाली. ती खरेदी करण्याचा निर्णय रिलायन्सने ३१ डिसेंबर २०२१ रोजी जाहीर केला. जुलै २०२१ मध्ये चीनच्या सीएटीएल कंपनीने दर किलोग्रॅमला १६० वॅट-तास ऊर्जा देणारा सोडियम-आयन घट जाहीर केला. मे २०२४ मध्ये चीनच्या ग्वांगशी प्रांतात १० मेगावॅट-तास क्षमतेचे सोडियम-आयन साठवण केंद्र सुरू झाले.

तथापि हा प्रवास एकमार्गी नाही. लिथियम कार्बोनेटचा भाव २०२३ अखेरीस एक लाख युआनच्या आसपास घसरला आणि सोडियमची किमतीतील आघाडी बरीचशी आटली. सोडियम-आयन घटाची घोषणा करणारी स्वीडनची नॉर्थव्होल्ट कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. अमेरिकेतील नॅट्रॉन कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये आपले काम बंद केले. द्रव्य मुबलक असणे आणि त्याचा घट स्वस्त पडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या घटनांनी स्पष्ट झाले.

भारताची स्थिती आणि पुण्यातील संशोधन

भारतात विद्युत् रसायनशास्त्राच्या संशोधनाचा पाया स्वातंत्र्यानंतर लगेच घातला गेला. २५ जुलै १९४८ रोजी कारैकुडी येथे केंद्रीय विद्युत् रसायन संशोधन संस्थेची कोनशिला बसविण्यात आली. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली. असे असूनही लिथियम-आयन घटांच्या बाबतीत देश दीर्घकाळ आयातीवर अवलंबून राहिला. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने प्रगत रासायनिक घटांच्या उत्पादनासाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियम साठ्याचा अंदाज जाहीर झाला. परंतु तो अनुमानित स्वरूपाचा होता आणि पुरेसे बोलीदार न मिळाल्याने तेथील पहिली लिलावप्रक्रिया रद्द करावी लागली. जानेवारी २०२४ मध्ये भारताने अर्जेंटिनातील कातामार्का प्रांतात लिथियमच्या शोधासाठी करार केला. स्वदेशी खनिजाची वाट पाहणे आणि परदेशात खाणी मिळविणे, या दोन उपायांबरोबर तिसरा उपाय म्हणजे आपल्याकडे मुबलक असलेले द्रव्य वापरणे हा होय.

या तिसऱ्या वाटेवर पुण्याचे कार्य उल्लेखनीय आहे. डॉ. सतीशचंद्र ओगले यांनी पुणे विद्यापीठाचा पदार्थविज्ञान विभाग, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर अशा पुण्यातील तीन संस्थांमध्ये द्रव्यविज्ञानाचे काम केले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत असताना त्यांच्या गटाने कडुलिंबाच्या वाळलेल्या पानांपासून सच्छिद्र कार्बन तयार करून तो सुपरकपॅसिटरमध्ये वापरल्याचे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. झाडाखाली पडलेला पालापाचोळा हे ऊर्जासाठवणीचे द्रव्य होऊ शकते, हा विचार येथे प्रत्यक्ष प्रयोगाने मांडला गेला. पुढे आयसरमधील त्यांच्या गटाच्या व केपीआयटीच्या जवळजवळ दशकभराच्या कामातून सोडियम-आयन तंत्रज्ञान आकारास आले. कंपनीने दिलेल्या माहितीनुसार या घटाच्या विविध प्रकारांची ऊर्जाघनता दर किलोग्रॅमला १०० ते १७० वॅट-तास असून, ३,००० ते ६,००० आवर्तनांनंतरही ८० टक्के क्षमता टिकून राहते. पुण्यातीलच सी-मेट या केंद्र शासनाच्या संस्थेतही लिथियम व सोडियम घटांच्या द्रव्यांवर संशोधन होते.

सुरक्षिततेच्या प्रश्नाचाही पुण्याशी संबंध आहे. मार्च २०२२ मध्ये लोहगाव भागात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका विद्युत दुचाकीने पेट घेतला. देशात अन्यत्रही अशा घटना घडल्यावर घटसंचांच्या चाचणीचे एआयएस-१५६ हे मानक त्याच वर्षी अधिक कडक करण्यात आले. सोडियम-आयन घट तुलनेने सुरक्षित मानले जातात, कारण ते पूर्णपणे निर्भारित करून, म्हणजे शून्य व्होल्टला, वाहून नेता येतात. परंतु त्यांतील विद्युत् विच्छेद्य हे सामान्यतः लिथियम घटासारखेच ज्वालाग्राही कार्बनी द्रव असते. म्हणून 'मिठाचा घट पेटत नाही' अशा सरसकट विधानापासून अध्यापकांनी दूर राहणे आवश्यक आहे.

जुन्नर-आंबेगाव परिसराचा संदर्भ

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे तालुके येतात. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यामुळे या भागात उसाचे क्षेत्र वाढले आणि उसाच्या आडोशाने बिबट्याने शिवारातच वस्ती केली. माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्र हे त्या संघर्षाचे दृश्य रूप आहे. कृषिपंपांना वीज आळीपाळीने, काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री, देण्याची पद्धत महाराष्ट्रात दीर्घकाळ रूढ आहे. रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याला उसात जावेच लागते. दिवसा वीज द्यावी, ही येथील मागणी म्हणूनच जीविताच्या सुरक्षिततेची मागणी आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या व २०२३ मध्ये विस्तारलेल्या मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेचा हेतू दिवसा वीज देण्याचाच आहे.

या गरजेच्या दृष्टीने द्रव्यांची तुलना करून पाहता येईल. पाच अश्वशक्तीचा पंप चार तास चालविण्यासाठी सुमारे १५ किलोवॅट-तास ऊर्जा लागते. दर किलोग्रॅमला १२० वॅट-तास धरल्यास सोडियम-आयन घटांचे वजन सुमारे १२५ किलोग्रॅम भरेल. शिसे-आम्ल घटांची ऊर्जाघनता ३५ वॅट-तास धरल्यास हेच वजन सुमारे ४३० किलोग्रॅम होईल. शिवाय शिसे-आम्ल घट टिकवायचे तर ते पूर्ण रिकामे करून चालत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात याच्या दुप्पट घट ठेवावे लागतील. भारनियमनाच्या काळात घरोघरी आलेल्या इन्व्हर्टरमध्ये शिसे-आम्ल घटच होते. येथे सोडियमची खरी स्पर्धा मोटारीतल्या लिथियमशी नसून इन्व्हर्टरमधल्या शिशाशी आहे, हा मुद्दा सहसा दुर्लक्षिला जातो.

असे असले तरी प्रत्येक विहिरीवर घटसंच बसवावा, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. दिवसा सौरपंपाने पाणी उपसून ते शेततळ्यात साठविणे हे वीज साठविण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडते. मोठ्या प्रमाणावर पाहता माळशेज घाटात योजिलेला उदंचन जलविद्युत प्रकल्पही पाणी उंचावर चढवून ऊर्जा साठविण्याच्याच तत्त्वावर आधारलेला आहे. घटसंचाचे स्थान वीज उपकेंद्र, शीतगृह, आरोग्य केंद्र, दूध संकलन केंद्र अशा ठिकाणी अधिक सयुक्तिक आहे. याखेरीज या परिसराचे एक वैशिष्ट्य विचारात घ्यावे लागेल. खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेनांनी बनलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचे केंद्र आहे. घटसंचांबरोबर येणारी इन्व्हर्टरसारखी उपकरणे रेडिओ लहरींचा गोंगाट निर्माण करतात. त्यामुळे अशी केंद्रे उभारताना दुर्बिणीच्या शांततेची काळजी घेणे अपरिहार्य आहे.

कच्च्या मालाच्या बाजूनेही या भागाचा विचार करता येतो. जुन्नर तालुक्यातील विघ्नहर व आंबेगाव तालुक्यातील भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांत दरवर्षी उसाचे गाळप होते. ग्लुकोजपासून कठीण कार्बन बनतो, हे २००० मध्ये सिद्ध झाले. उसाचा बगॅस व अन्य शेती अवशेष यांपासूनही तो बनविण्याचे प्रयोग जगभर झाले आहेत. मात्र बगॅस हा टाकाऊ पदार्थ नाही. साखर कारखाने तो बॉयलरमध्ये जाळून वाफ व वीज निर्माण करतात. तो कार्बनासाठी वळवायचा तर त्या इंधनाची किंमत हिशेबात धरावी लागेल. तसेच वनस्पतिजन्य कार्बनात सिलिका, पोटॅशियम आदी अशुद्धी असतात. त्या धुऊन काढण्याचा खर्च व सांडपाणी यांचाही विचार व्हावा लागेल. सोडियमचा कच्चा माल, म्हणजे धुण्याचा सोडा, आपल्याकडे दुर्मिळ नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरातून पूर्वी तो काढला जाई. आज ते सरोवर संरक्षित आहे व तसे राहणेच इष्ट आहे. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या टाटा केमिकल्सच्या मिठापूर येथील कारखान्यात तो समुद्राच्या मिठापासून मोठ्या प्रमाणावर बनतो.

निष्कर्ष

१. संचायक घटांच्या इतिहासात द्रव्याची निवड केवळ रासायनिक गुणांवरून झालेली नाही. कोणत्या कामासाठी घट हवा आहे, यावरून कसोटी ठरली आणि कसोटीवरून द्रव्य ठरले.
२. १९८० च्या सुमारास लिथियम व सोडियम यांचे संशोधन समांतर चालले होते. योग्य ऋणाग्राचा अभाव आणि हलक्या उपकरणांची बाजारपेठ, या दोन कारणांनी सोडियम मागे पडले.
३. २००० मधील कठीण कार्बनाचा शोध आणि स्थिर साठवणीची वाढती गरज यांमुळे सोडियम परतले. परंतु लिथियमचे भाव उतरताच त्याची आर्थिक बाजू दुबळी होते, हे २०२३ ते २०२५ या काळाने दाखविले.
४. पुण्यातील संशोधनामुळे या इतिहासात महाराष्ट्राचा प्रत्यक्ष सहभाग आहे. प्रयोगशाळेतील यश कारखान्यात व शेतशिवारात उतरणे, ही त्याची पुढील परीक्षा होय.
५. जुन्नर-आंबेगावसारख्या परिसरात सोडियम-आयन घटांची तुलना शिसे-आम्ल घट व शेततळे यांच्याशी करावयास हवी. भ्रमणध्वनीतील घटाशी केलेली तुलना येथे दिशाभूल करणारी ठरते.

समारोप

१६७१ च्या पत्रातील मिठाचा प्रश्न आणि आजचा लिथियमचा प्रश्न यांत साडेतीन शतकांचे अंतर आहे. दोहोंना एकच मापदंड लावणे इतिहासाच्या शिस्तीत बसणार नाही. तरीही नित्य गरजेची वस्तू कोणाच्या मुलखातून येते आणि तिच्या भावावर कोणाचा ताबा आहे, हा प्रश्न दोन्ही काळांत सारखाच महत्त्वाचा राहिला आहे. जकात वाढवून तो काही अंशी सुटतो. कायमचा सुटायचा तर त्याला ज्ञानाची जोड लागते.

या ज्ञानात ग्रामीण महाविद्यालयांचा वाटा असू शकतो. घटांचे कारखाने ओतूरला उभे राहणार नाहीत. परंतु येथील उन्हाळ्याच्या तापमानात घट किती वर्षे टिकतो, उपकेंद्रावर वीज कोणत्या वेळी किती लागते, कांद्याची पात व टरफले यांसारख्या अवशेषांचा कार्बन कोणत्या प्रतीचा होतो, या प्रश्नांची उत्तरे येथेच नोंदवावी लागतील. रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान, भूगोल, अर्थशास्त्र व इतिहास या विभागांनी एकत्र येऊन अशा नोंदी सातत्याने ठेवल्यास पुण्याच्या प्रयोगशाळांना त्यांचा उपयोग होईल. रात्री उसात पाणी धरणाऱ्या शेतकऱ्याला घटातील द्रव्य सोडियमचे आहे की शिशाचे, याने फरक पडत नाही. त्याला ते काम दिवसाउजेडी करता यावे, ही अपेक्षा मात्र आपल्या सर्व विद्याशाखांनी समान मानावयास हवी.